शनिवारी येणारा माणूस

प्रिय येल्मर,

तुमची पंधरा वर्षांखालची फुटबॉलची फळी आठवली, की अजून ओल्या गवताचा वास येतो. तू सर्वांत बुटका, पण चेंडू तुझंच ऐकायचा. "सर, उंच पास नको, शिडी घरी राहिली," म्हणून मैदानभर हशा पिकवायचास.

संघात कोणाला ठेवायचं हे ठरवताना, पोरगं पुढं किती वाढेल याचा अंदाज म्हणून आम्ही प्रशिक्षक बापांची उंची पाहायचो. माणसाचं मूल म्हणजे बाजारातलं वासरू नव्हे, असं आज मी सभांतून गर्जतो! तेव्हा मात्र दर शनिवारी तुला आणणारा माणूस ठेंगणा, म्हणून मी तुझं नाव खोडलं. तुला सांगितलं, "तुझ्यात जिद्द नाही."

काल लेउवार्डनच्या बाजारात चीजच्या दुकानात गल्ल्यामागे तू दिसलास, माझ्याहून वीतभर उंच.

"खऱ्या बाबांवर गेलोय," तू हसलास. "शनिवारी यायचे ते सावत्र. आणि सर, तुमचं बरोबर होतं. माझ्यात जिद्दच नव्हती. माझ्या पोरांनाही तेच सांगतो."

येल्मर, मी खोटं बोललो होतो. हे तिथंच सांगायला हवं होतं. मी मान डोलावली आणि अर्धा किलो चीज मागितलं.

हे पत्रही टपालात टाकणं मला जमणार नाही.

तुझा,
स्यूर्ड हुकेमा