नानांना सांगायचं कोणी?

श्रीमान आमोदराव, हल्ली मुक्काम बंगळूर, यांना शनिवार पेठेतून त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सलिलचा, सविनय नमस्कार. (विनय एवढाच. तू वयाने लहान आहेस, इथून पुढे अरे-तुरे आहे.) तिकडे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. स्पृहाचा खोकला गेला का? अर्णवला नवीन शाळा मानवली का? इकडे अस्मिता मजेत आहे, माझं पित्त जिथल्या तिथे आहे आणि नानांची तब्येत उत्तम आहे. नानांची तब्येत उत्तम आहे हाच खरं तर या पत्राचा विषय आहे, पण त्याकडे मी जरा वळसा घालून येतो.

आता तू म्हणशील, व्हॉट्सअॅप असताना या माणसाने कागद का खराब केला. अरे, घरच्या ग्रुपचे अॅडमिन तुझे वडील. तुला फोन करावा तर तू एवढ्या मोठ्यांदा बोलतोस, की तू बंगळूरहून 'हॅलो' म्हटलंस की खालच्या मजल्यावर नाना 'आमोदचा फोन वाटतं' म्हणून चपला घालतात. माई गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच असतं, त्यामुळे जेवताना कुजबुजायचीही सोय नाही. तेव्हा हा कागद. वाचून झाल्यावर फाडून टाक, आणि फाडल्याचं ग्रुपवर कळवू नकोस.

तर बातमी अशी, की आपलं शनिवार क्रीडा मंडळ जिल्हा लीगच्या पहिल्या विभागातून दुसऱ्या विभागात उतरलं. 'उतरलं' हा नानांचा शब्द. ऐकणाऱ्याला वाटावं आपला स्टॉप आला म्हणून उतरलो. प्रत्यक्षात आम्ही गडगडलो. शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी पुरे होती, आणि मध्यंतराला आपण चक्क एका गोलने पुढे होतो. (मी तेवढ्यात पेढ्यांची ऑर्डर देऊन बसलो. सेक्रेटरीला लांबचं बघावं लागतं.) पण आपला गोलकीपर तेजस खराडीला रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेला. बरोबरीचा गोल त्याने डोळे उघडे ठेवून खाल्ला, दुसऱ्याबद्दल मी खात्री देत नाही. आणि मॅनेजर म्हणून नाना रेषेवर उभे राहून इतकी वर्षं जे ओरडत आलेत तेच ओरडत होते, 'वर चला, वर चला.' पोरं वर गेली, बॉल मागे गेला आणि आपण खाली आलो. पेढे मात्र वेळेवर पोचले. ते समोरच्या संघाने खाल्ले.

यात गंमत नाही, आमोद. दुसऱ्या विभागातही तळाला राहिलो तर लीगमधून नावच जाईल, आणि लीगमध्ये नाव नसलेल्या मंडळाला ते नदीकाठचं मैदान कोण देतंय? बॉक्स क्रिकेटवाला आत्तापासून चकरा मारतोय. परवा तर तो माझ्यादेखत पावलांनी जागा मोजत होता आणि वर मलाच विचारत होता, इथे पार्किंगला किती गाड्या बसतील. ज्या मंडळात तू पहिल्यांदा गुडघे फोडून घेतलेस, ते असं डोळ्यांसमोर जाताना बघवत नाही रे.

म्हणून कमिटीची बैठक झाली आणि नवीन मॅनेजर आणायचा असं एकमताने ठरलं. (नानांना बैठकीचं कळवलं नव्हतं. एकमत त्यामुळेच झालं.) अध्यक्ष भीमरावकाकांनी सांगितलं की माणूस पारखून घ्यायचा, आणि पारखायला ते स्वतः झब्बा घालून, अत्तर लावून आले. पहिले एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी भिंतीवर रंगीत बाण दाखवले. भीमरावकाकांनी विचारलं, यातले आपले खेळाडू कुठले? ते म्हणाले, खेळाडू दुसऱ्या टप्प्यात येतात. त्यांना आम्ही दाराच्या टप्प्यापर्यंत पोचवून आलो. दुसरा आला मंडईजवळचा संतोष, एकेकाळचा बरा स्ट्रायकर. तो म्हणाला, वर्षात वर नेतो, फक्त गोलकीपर माझा भाऊ, डिफेन्सला माझे दोन मेहुणे आणि कॅप्टन मी. मी म्हटलं, मग लग्नाचा हॉलच घेऊ की, मैदान कशाला? तो रागावला. जाताना पोह्यांची दुसरी बशी संपवून मग रागावला.

तिसरी आली उत्कर्षा. मूळची यवतमाळची, नोकरी खराडीला, विद्यापीठाकडून खेळलेली, प्रशिक्षकाचं रीतसर लायसन्स असलेली. आपल्या शेवटच्या काही मॅच ती स्वतःहून येऊन बघून गेली होती. (आमच्या मॅच बघायला स्वतःहून कोणी येतं, यावरच आधी कोणाचा विश्वास बसेना.) भीमरावकाकांनी घसा खाकरून विचारलं, पोरं एका मुलीचं ऐकतील का? ती म्हणाली, आता कोणाचं ऐकतात? काकांना हे इतकं पटलं, की त्यांनी तिथल्या तिथे तिला चहाबरोबर बाकरवडी दिली, आणि त्यांच्या हातून बाकरवडी सुटणं म्हणजे नेमणूकच. पोरगी हुशार आहे, आमोद. ती आली तर आपण वर जाऊ असं मला आतून वाटतं, आणि मला आतून फक्त पित्तच येत असतं, तेव्हा याला महत्त्व दे.

पण तिने उठताना एकच विचारलं. 'जुन्या सरांना सांगितलं ना?'

आम्ही सगळे पंख्याकडे बघायला लागलो. आता आपलं गाव कसं ते तुला ठाऊक आहे. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'काय काम आहे' हे आपण असं विचारतो, की काम असलेला माणूससुद्धा परत जातो. भीमरावकाकांनी दुकानात 'उगाच भाव विचारू नये' असं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. मी स्वतः बॉक्स क्रिकेटवाल्याला काय काय बोललोय ते इथे लिहीत नाही. पण नानांना 'आता पुरे' म्हणायची एकाचीही छाती होईना. गुडघा कामातून गेलाय, तरी मॅनेजर बसत नसतो म्हणून तो माणूस पूर्ण मॅच रेषेवर उभा राहतो. पोरांची लग्नं जमवलीत, हॉस्पिटलात उशाशी बसलाय. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मी तर जावई. सासऱ्याला नोकरीवरून काढणारा जावई तू बघितलायस कुठे? म्हणून मी उत्कर्षाला म्हटलं, 'सांगितल्यासारखंच आहे.' ती म्हणाली, सर, मी कोणाला ढकलून खुर्चीवर बसणार नाही, आधी साफ सांगा. मी मान हलवली. मान माझी फार चटकन हलते.

यावर भीमरावकाकांनी तोड काढली. आपण नानांचा सत्कार करू. सत्कार झाला की माणूस आपोआप समजतो. झालं, लक्ष्मी रोडवरून शाल आली, मंडईतून नारळ आला, मानपत्र मी लिहिलं. भाषणं अशी झाली, अशी झाली, की ज्यांनी ज्यांनी नानांना काढायला हात वर केला होता, ते एकेक करून नानांशिवाय मंडळाची कल्पनाच करवत नाही असं सांगून गेले. माझ्या मानपत्रात तर शेवटी होतं, 'आपण आहात म्हणून आम्ही आहोत.' (अस्मिता म्हणाली होती, हे वाक्य काढ. मला ते फार जमलंय असं वाटलं.) शेवटी भीमरावकाकांनी उठून 'आता नाना विश्रांती घेत आहेत' एवढंच म्हणायचं होतं. पण काका स्वतःच्याच भाषणाने गहिवरले, हुंदका आला आणि ते नेमकं त्या वाक्याच्या अलीकडे खाली बसले.

मग नानांनी माईक घेतला. म्हणाले, मी खरं तर आज निरोप घेणार होतो, पण तुमचं एवढं प्रेम बघून जाणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. 'मी थांबतो.' टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. पहिल्या रांगेत उत्कर्षा बसली होती, नानांना द्यायला आणलेला गुच्छ मांडीवर घेऊन.

ती मला जिन्यात गाठून म्हणाली, सर, तुम्ही सांगितलंच नव्हतं. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. रविवारी नवीन मोसमाचा पहिला सराव आहे. तोपर्यंत नानांना कोणी सांगितलं नाही तर ती खराडीकडच्या एका क्लबला होकार देणार. नाना तर खुशीत आहेत, गुडघ्याला नवा पट्टा आणलाय. मी रोज जेवताना सुरुवात करतो, 'नाना, एक बोलायचं होतं,' आणि शेवट 'कोशिंबीर वाढू का' असा होतो. या आठवड्यात त्यांनी माझ्यामुळे आयुष्यभराची कोशिंबीर खाल्ली आहे. तेव्हा मोठ्या आशेने तुला हे लिहितोय. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सलिल
(मानद सेक्रेटरी, शनिवार क्रीडा मंडळ)

ता. क. विनंती लिहायची राहिलीच. तू मुलगा आहेस, तूच त्यांना सांग. ते जमत नसेल तर त्यांना मोसमभर तिकडे बोलावून घे. म्हण, अर्णवला फुटबॉल शिकवायचाय. अर्णव बुद्धिबळ खेळतो हे मला माहीत आहे, पण वडिलांच्या मंडळासाठी एवढं त्याने करायला हरकत नाही. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस.

ता. क. २. अस्मिताने वाचलं. तिचा निरोप असा, की तिच्या माहेरचे आणि सासरचे पुरुष एकाच दुकानातून आणल्यासारखे आहेत. मी सांगते म्हणाली, तर मीच थांबवलं. बापलेकीत वाकडं आलं तर दोन्ही मजल्यांवर राहायचं मलाच आहे.

ता. क. ३. रविवार, संध्याकाळ. परवा पत्र टाकायला निघालो तर जिन्यात नाना. म्हणाले, दे इकडे, मी पोस्टाकडेच चाललोय. मी म्हटलं, पाकीटच आहे, आत काही नाही. तेव्हापासून ते माझ्या खिशात आहे, ते बरंच झालं.

आज सकाळी मैदानावर गेलो तर नाना आधीच पट्टा बांधून रेषेवर उभे. भीमरावकाका 'गाडी लावून येतो' म्हणाले आणि सराव संपेपर्यंत गाडीच लावत होते. मी गोलची जाळी बांधायला घेतली, जी बांधलेलीच होती. उत्कर्षा आली. तिने माझ्याकडे बघितलं, मी जाळीकडे बघितलं. मग ती सरळ नानांपाशी गेली आणि म्हणाली, 'नाना, हे लोक तुम्हाला सांगून नाही राहिले, म्हणून मी सांगते. या सीझनला टीम मी घेणार आहे. तुमचं काम झालं.'

आमोद, माझ्या हातातली दोरी सुटली. पोरं होती तिथेच थांबली. नानांनी मागच्या बाकाकडे बघितलं आणि विचारलं, 'बसू का मग?'

आणि बसले. इतक्या वर्षांत त्यांना त्या बाकावर बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पाय लांब केला, पट्टा सोडला आणि असा श्वास टाकला, की मला गलबलून आलं. जाळीआड होतो म्हणून बरं. जवळ गेलो तर म्हणाले, दोन वर्षं वाट बघतोय कोणीतरी सांगेल म्हणून. गुडघा रात्रभर ठणकतो रे. पण जो तो येऊन म्हणणार, नाना, तुमच्याशिवाय कसं व्हायचं? सत्काराला वाटलं, आज सुटलो. तर तू वाचलंस, आपण आहात म्हणून आम्ही आहोत. आता मी जायचं, म्हणजे तुम्ही सगळे मरायचे की काय?

उरलेला सराव झकास झाला. उत्कर्षाने तेजसला बजावलं, की रात्रपाळी करून येणार असशील तर बाकावर झोप, गोलात नको. नाना बाकावर सरकून त्याला जागा करायला लागले. निघताना तिने तो सत्काराचा राहिलेला गुच्छ, आता जरा वाळलेला, नानांच्या हातात दिला. पहिल्या मॅचला नाना प्रेक्षकांत बसणार आहेत. म्हणतात, मॅनेजर असताना तोंडात आलेलं गिळावं लागायचं, आता मोकळेपणी ओरडता येईल. आपण या वर्षी वर जातो बघ. तेव्हा वरची विनंती रद्द. अर्णवला बुद्धिबळच खेळू दे.

ता. क. ४. नानांना साफ बोलण्याची गोडी लागली आहे. आत्ताच जेवताना म्हणाले, 'सलिल, सेक्रेटरी म्हणून तुझंही झालं आता.' अस्मिताचा वाढणारा हात जराही थांबला नाही. मग कळलं की नवीन सेक्रेटरी तीच, उत्कर्षाने नाव सुचवलं आणि भीमरावकाकांनी तिला बाकरवडीसुद्धा पाठवली आहे. शनिवारी माझा सत्कार आहे. शाल आणायला नाना स्वतः लक्ष्मी रोडला जाणार आहेत, बसायचं स्टूल बरोबर घेऊन.

आता खरी विनंती. शनिवारी सकाळच्या विमानाने ये आणि माझ्याबद्दल दोन शब्द बोल. पण दोनच बोल, आणि बेताचे बोल. मला चटकन भरून येतं, आणि माईक शेजारीच असतो.