चंदनाचा पाळणा, चादरीची झोळी

४ जून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीती वाटली की वहीत लिही. मला भीती वाटतच नाही. पण वही आणलीय, तर वाया कशाला.
लेकीच्या, भिंगरीच्या शाळेतून निरोप. बाळाला निजवायचं घरचं गाणं प्रत्येक पोरानं घरच्यांसमोर म्हणायचं. त्यातून म्हणे संस्कृती कळते, आपण कोण ते कळतं. त्यावरूनच गाण्याच्या वर्गात घेणार. भिंगरीनं तर वर्गाचा ध्यासच घेतलाय. आपण कोण ते मला ठाऊक आहे. मी लाँड्रीत इस्त्री करते. पण त्याचं गाणं नाही ना. बाळाला निजवताना मी काहीबाही बडबडते, ते काही गाणं नव्हे.

६ जून
लाँड्रीतल्या घडीवालीला एक जुनं गाणं येतं. चंदनाचा पाळणा, रेशमाची दोरी. आमच्याकडे चादरीची झोळी, खिडकीच्या गजाला बांधलेली. पण संस्कृतीला चंदनच लागत असणार. पुढचं तिला आठवत नाही, नुसतं हूं हूं करते. म्हटलं चालेल, हूं हूं पण जुनंच आहे.

९ जून
रोज तालीम करायची. बाळ मांडीवर, भिंगरी समोर. ठरलं म्हणजे ठरलं.

१० जून
पहिल्याच ओळीला मला झोप लागली. म्हणजे गाण्यात गुण आहे. बाळ जागंच होतं.

१३ जून
परत तेच. सासूबाई म्हणाल्या, झोळीत तुलाच घालायला पाहिजे. मी त्यांना उलट बोलत नाही, कधीच. काय असेल ते बाळाच्या कानात सांगते. त्याला कुठं कळतंय.

१८ जून
उद्या कार्यक्रम. ह्यांना रजा नाही, सासूबाई येणार. पाठ झालं का विचारलं की भिंगरी मान हलवते. मी अगदी निश्चिंत. दोनदा उलटी झाली, ती उन्हामुळे.

१९ जून
भिंगरी चंदनाचा पाळणा म्हणाली आणि थांबली. हूं हूं पण आठवेना. मी खालून खुणा केल्या. मग तिनं डोळे मिटले आणि माझी रोजची बडबड म्हणाली. खणखणीत.

नीज रे राजा, मीट की डोळा,
आजीनं केलाय तोंडाचा चाळा,
भाजीत म्हणे मीठच नाही,
जिभेला तिच्या हाडच नाही.

सगळे हसले. सासूबाई शेजारीच. मी चपलांकडं बघत बसले.
गाण्याच्या बाईंनी डोळे पुसले. हेच खरं घरचं गाणं म्हणे, हीच आपली ओळख. अळणी भाजी ही आमची ओळख! कुणी रचलं विचारलं, तर कार्टीनं माझ्याकडं बोट केलं. दार लांब होतं.
तोवर सासूबाई उठल्या. म्हणाल्या, चाल माझी आहे. माझ्या सासूवर मी गाणं रचलं होतं, त्याची. हिनं फक्त सुराची वाट लावलीय.

२२ जून
भिंगरीला वर्गात घेतलं. मी म्हणतच होते. ते गाणं सगळ्या वर्गाला शिकवायला घरातल्या बाईला बोलावलंय. मी ठेवणीतले कपडे इस्त्री केले. निरोप सासूबाईंना होता.

२६ जून
सासूबाईंनी दुसरं कडवं पण शिकवलं. गल्लीतली पोरं येताजाता म्हणतात.

बाळ बिचारं जागंच राही,
आई घोरते, लाजच नाही.

मी घोरत नाही.