भाकरी थापतात, बनवत नाहीत

अंबरनाथ (पूर्व)
मंगळवार, दुपार, जेवण व्हायचं आहे

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालतो आहे, तू प्रत्यक्ष मानून घे.) तुझी साखर कशी आहे, डोळ्यांत थेंब कोण घालतं, आणि शेजारणीशी पुन्हा बोलायला लागलीस की नाही, ते कळव. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोललेलं तुझ्या भावजयीला, म्हणजे माईला, ऐकू जातं आणि मोबाइलवर लिहिलेलं सूनबाई वाचते. पत्राकडे अजून आमच्या घरात कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

माईचा उजवा हात मोडल्याचं तुला ठाऊक आहेच. प्लास्टर निघायला अजून अवकाश आहे. स्वयंपाकाला लावलेली जांभूळ गावची द्रौपदी मात्र यायची बंद झाली, आणि तिला मी घालवलं असं माई म्हणते. साफ खोटं आहे. मी तिला फक्त क्रियापदं सांगत होतो.

तूच न्याय कर. ती सकाळी आली की विचारायची, "अण्णा, आज काय बनवू?" मी म्हणायचो, बाई, बनवू नकोस. भाकरी थापतात, पोळी लाटतात, भात लावतात, चहा टाकतात, लाडू वळतात, कोशिंबीर कालवतात. आपल्या आईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाला स्वतःचं क्रियापद होतं, आणि आता सगळ्यांना एकाच दावणीला बांधायचं? (आमची सूनबाई राजसी तर दहीसुद्धा 'बनवते'. मी ते दही खात नाही.) शेवटी मी ओट्यापाशी खुर्ची टाकून बसू लागलो. द्रौपदी "भाजी बनवते" म्हणाली की मी गॅस बारीक करायचो आणि विचारायचो, म्हणजे नक्की काय करणार? निवडणार, चिरणार की परतणार? एके दिवशी तिने उलथनं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "अण्णा, माजी भाकर तुमी तोंडान खाता का कानान?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही. चप्पल घालून निघून गेली.

मीही ठरवलं की आता स्वयंपाक मीच करणार, आणि जो पदार्थ करीन तो त्याच्या क्रियापदाला धरूनच. आनंदनगरच्या कारखान्यात सबंध पाळी सांभाळलेला माणूस मी, मला तवा काय सांभाळता येत नाही? भाकरी थापायला घेतली. ती परातीला अशी चिकटली की खरवडून काढावी लागली. (भाकरी खरवडणे हे आईने शिकवलं नव्हतं.) वरण घोटलं, त्यातलं निम्मं भिंतीवर गेलं. भात लावला आणि पेपर वाचत बसलो, तर धूर पाहून समोरचे लोक आले. अर्थात हिंमत सोडलेली नाही. रोज पहाटे उठून पुन्हा थापतो.

शौनक आणि राजसी दोघेही ऑफिसात जेवून येतात, म्हणजे त्यांची चिंता नाही. चिंता माईची आहे. मी वाढतो ते ती डाव्या हाताने निमूट खाते, एका अक्षराने बोलत नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो. ती बारीक झाली आहे, अक्का, आणि ते मला बघवत नाही. त्यात परवा म्हणाली, प्लास्टर निघेपर्यंत बदलापूरला भावाकडे जाऊन राहते. ती गेली तर हे घर मला खायला उठेल.

म्हणून रविवारी उल्हासनगरला गेलो. द्रौपदी आता तिथल्या कॅम्प एकमध्ये सोनियाभाभी म्हणून एका सिंधी बाईंकडे लागली आहे. विनवणी करायची नाही, फक्त मुद्दा नीट समजावून सांगायचा, असं रिक्षात बसल्यापासून घोकत होतो. भाभींनी दार उघडलं, मला बसवलं आणि आत ओरडल्या, "द्रौपदी, अंकल के लिए भी चपाती बना दे." माझ्या कपाळाची शीर उडू लागली. तेवढ्यात वास आला. द्रौपदीने ताट आणून ठेवलं, माझ्याकडे न बघता. सोनियाभाभी म्हणाल्या, "मैं तो इसको बोलती हूँ, कुछ भी बना, तेरे हाथ का सब अच्छा." यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तोंडात घास होता. तो संपेपर्यंत दुसरी चपाती आली. मुद्दा न सांगताच परत आलो. त्या चपात्या मऊसूत होत्या, हे मी मान्य करतो. क्रियापद चुकीचं होतं, हे माझं मत मात्र कायम आहे.

तेव्हा काळजी नसावी. मी खंबीर आहे. उद्या पुरण शिजवून वाटणार आहे.

तुझा,
अण्णा

ता. क. दिवाळीत तू द्रौपदीला साडी नेसवलीस, तेव्हापासून ती तुझा शब्द खाली पडू देत नाही. तिला एक फोन कर. म्हणावं, परत ये आणि हवं ते बनव. खुर्ची मी बाल्कनीत नेऊन ठेवली आहे. हे मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. मी तिथे जेवलो हे माईला सांगू नकोस. बँकेत गेलो होतो असं सांगितलं आहे. (रविवार होता हे नंतर लक्षात आलं.)

वन्सं, नमस्कार. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घ्या. पाकीट उघडंच टेबलावर ठेवून हे झोपलेत. फोनची तसदी घेऊ नका, द्रौपदीशी माझं बोलणं झालंय. उद्यापासून दोन्ही घरं सांभाळते म्हणाली. तिची अट एकच, कणीक यांनी मळायची, तोंड मिटून. मी हो म्हटलंय. भावाकडे कसली जाते, नुसता धाक घातला होता. चपात्यांचं तिनेच सांगितलं. पाच खाल्ल्या म्हणे. ऐकून बरं वाटलं हो, इतके दिवस त्यांच्याही पोटात धड काही गेलं नव्हतं.