आधी रेडिएटर, मग ब्रेक

आई, काल जे. पी. नगरच्या त्या उतारावरून गेले. आता तिथे दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्यात, खाली सिग्नल आहे. इतका साधा उतार, की आपण दोघी तिथे थोडक्यात वाचलो हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. रात्री जेवण गेलं नाही, म्हणून आज तुला लिहायला बसले.

व्हॅन आली तेव्हा मी कॉलेजात होते. घरी केलेल्या चकल्या, चिवडा, मेतकूट तू बसवनगुडीतल्या दुकानांना देत होतीस आणि अण्णा ते स्कूटरवरून पोचवत होते. मग काचबिंदूने त्यांची नजर गेली, एका डोळ्याची जवळजवळ सगळीच, आणि स्कूटर बंद झाली. भाड्याचा टेम्पो परवडेना. एका बेकरीवाल्याने जुनी मालवाहू व्हॅन विकायला काढली होती. आत अजून पावाचा वास होता. "स्वल्प काम आहे अक्का, बाकी गाडी फर्स्ट क्लास," तो म्हणाला. तू चाळिशी ओलांडलेली, सायकलसुद्धा कधी न चालवलेली. अण्णांनी नवऱ्याच्या काळजीने विचारलं, "चालवणार कोण?" तू पदर खोचत म्हणालीस, "मी. शिकेन की."

आणि शिकलीस. पण ते स्वल्प काम काही संपेना. थंडीत सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. मग शेजारचे दोघेतिघे, मी, आणि गाडीला हात लावून चालणारे अण्णा, असे सगळे मिळून ढकलायचो. क्लच प्लेट जळाली, ती बदलली तोवर सरकत्या दाराचा रोलर झिजला. ते दार तू दोरीने बांधून टाकलंस, कारण दोरी घरात होती आणि रोलरला पैसे लागत होते. बनशंकरीच्या गॅरेजात मेकॅनिक तुला पाहिलं की हसायचा. "याव प्रॉब्लेम अक्का, हळेदा होसदा?" म्हणजे दुखणं जुनंच की नवीन? तू स्टुलावर बसून त्याच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करायचीस आणि निघताना मेतकुटाची पुडी त्याच्या हातावर ठेवायचीस. मी एकदा वैतागून म्हटलं, विकून टाक ही पीडा. तू इतकी चिडलीस! "विकायची ती आपलं काम झालं म्हणून. तिनं दमवलं म्हणून नाही," म्हणालीस.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी दोन दुखणी एकदम निघाली. रेडिएटर गळत होता, आणि मागच्या चाकाशी ब्रेकचं ऑइल झिरपत होतं. मेकॅनिकने दोन्ही सांगितलं. दोन्हींना पुरेल एवढे पैसे नव्हते. इंजिन तापून गाडी रस्त्यात बंद पडली तर फराळाची ऑर्डर जाणार होती, म्हणून तू आधी रेडिएटर करून घेतलास. ब्रेकमध्ये ऑइल भरत राहायचं आणि दिवाळीचे पैसे आले की तेही काम करायचं, असं ठरवलंस.

मी तुझ्या शेजारी बसलेय. मागे खोकी रचलेली, जे. पी. नगरच्या एका ऑफिसात फराळ पोचवायचाय. उतार लागतो. तू ब्रेक दाबतेस आणि पाय पार खाली जातो. पुन्हा दाबतेस. तुझा चेहरा मला बाजूने दिसतो, तो मी कधी विसरले नाही. तू ओरडत नाहीस. गिअर खाली टाकतेस, इंजिन किंचाळतं. आणखी खाली टाकतेस, हँडब्रेक ओढतेस. समोर शाळेतून सुटलेली मुलं रस्ता ओलांडताहेत. डावीकडे कुणाच्यातरी बांधकामाची वाळू पडलेली आहे. "घट्ट धर," एवढंच म्हणतेस आणि स्टिअरिंग तिकडे वळवतेस.

दिवा फुटला, बंपर आत गेला, नवा रेडिएटर चेपला. तुझ्या कपाळाला लहानसं टेंगूळ आलं, मला काहीच झालं नाही. मुलं जागच्या जागी उभी राहून बघत होती. तू खाली उतरलीस आणि वाळूवर बसलीस. म्हणालीस, "मी चालणं आधी बघितलं. थांबणं नाही." मग एक खोकं उघडलंस, तुटकी चकली माझ्या हातात दिलीस, एक स्वतः घेतलीस. आपण दोघींनी रडत रडत चकल्या खाल्ल्या.

मेकॅनिकने गाडी बघून मान हलवली. "बेडा अक्का, मारिबिडी." नको, विकून टाका. अण्णांचंही तेच म्हणणं. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ गेला होता. तू फक्त विचारलंस, "ब्रेक सगळे नवे घातले तर भरवसा देशील?" तो म्हणाला, "ब्रेकचा देतो. बाकीचा नाही." "सरी, ठीक आहे," तू म्हणालीस, "बाकीचं माझं मी बघते." दिवाळीची सगळी कमाई त्यात गेली. त्या वर्षी आपल्या घरी नवे कपडे आले नाहीत.

गाडी परत आली, पण तू ती चालवेनास. दुपारी तू दाराशी उभ्या गाडीत जाऊन बसायचीस आणि ब्रेक दाबायचीस, सोडायचीस, दाबायचीस. मी खिडकीतून बघायचे. हाक मारावीशी वाटायची, पण मारली नाही. एका सकाळी तू किल्ली घेतलीस आणि अण्णांना म्हणालीस, "तुम्ही बसा शेजारी." अण्णा, ज्यांना समोरचा रस्ता धड दिसत नव्हता, चढून बसले. तुम्ही परत आलात तेव्हा दोघंही हसत होतात. कुठे गेला होतात ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतरही ती पुष्कळ चालली. सायलेन्सर गळून पडला, बॅटऱ्या बदलल्या, माझं लग्न झालं. अण्णा गेले आणि तू चकल्या करणं थांबवलंस, तेव्हा गाडी स्वतःहून एका भाजीवाल्याला विकलीस. आमचं काम झालं, म्हणालीस. पुढे दोनच वर्षांत तूही गेलीस.

मला आता तुमच्या दोघांच्या त्या सकाळच्या फेरीत मागे बसायचंय. काही बोलायचं नाही, खोक्यांमधे जागा करून नुसतं बसायचंय.

हे लिहिताना तुझं एकेक वाक्य मी मनात म्हणून पाहिलं. शब्द सगळे आठवतात, आई. आवाज आठवत नाही. कधीपासून, ते मला माहीत नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.