दत्तूजी हयात आहेत का?

विकास नगर, लखनौ
२ एप्रिल १९९५

आदरणीय पद्माताई,

सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? भाऊजींचं पथ्य किती दिवस टिकलं? (लता म्हणते, दुसरा प्रश्न विचारू नका, उत्तर माहीत आहे.) आम्ही तिघं बरे आहोत. कांचनची परीक्षा संपली. मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ती हिंदीत उत्तर देते, पण देते.

रोज येणारी माझी पाकिटं तू न उघडता पेटीत ठेवतेस, हे उपकार मोठे. अकरा वर्षं मी कादंबरीचं पहिलंच प्रकरण लिहीत होतो, हे तू पाहिलं आहेस. आता नागपूरच्या प्रकाशकांनी कळवलंय, तीस एप्रिलला पूर्ण हस्तलिखित मिळालं तरच छापू. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरा प्रकाशक मिळत नाही. (पहिला मिळायलाच तेवढी वर्षं लागली.) हजरतगंजच्या ऑफिसात माझ्या शेजारी राजेशबाबू बसतात. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला स्वच्छ असतो. ते म्हणाले, “भास्करजी, लिखा हुआ घर में रखेंगे तो सुधारते ही रहेंगे. बिटिया समझिए, विदा कर दीजिए.” म्हणून एक फेब्रुवारीपासून सकाळी चार पानं लिहायची आणि ऑफिसला जाताना तुझ्या नावाने टपालपेटीत टाकायची. कार्बन ठेवला नाही. ठेवला असता तर वाचला असता.

वेग आला, हे मान्य करायला हवं. घरही कामाला लागलं. कांचन दारात उभी राहते. “पापा, चार हुए? मम्मी पूछ रही हैं, पराठे डालें कि अभी रुकें?” तिसऱ्या पानावर पराठ्याचा वास आला की माझे संवाद आखूड होतात. (हा गुण आहे, असं मी धरून चाललो आहे.)

परवापर्यंत सगळं ठीक होतं. परवा नायिकेचं लग्न लागलं, तिचे वडील दत्तूजी मंडपात आले आणि पेन थांबला. हे गृहस्थ मागे कुठेतरी गेले होते. पण कुठे? मला वाटतं, वारले. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. (लता म्हणते, त्या दिवशी तुमची दाढ दुखत होती. बाकी तुम्हीच लिहिलंय, मला काय विचारता?) कांचन म्हणते, “नहीं पापा, उनका तो ट्रांसफर हुआ था. गोरखपुर.” नोकरदाराच्या घरात माणूस दिसेनासा होण्याची ही दोनच कारणं. थांबलो तर संपलो, म्हणून मी दत्तूजींना पुढच्या रांगेत बसवलं. ते बोलत नाहीत, जेवत नाहीत. त्यांना हार घातला. हार दोन्ही परिस्थितींत चालतो. अशी आठ पानं निघाली. आज पंगती उठल्या. आता मुलगी निघेल, आणि बाप नुसता बघत बसला तर वाचक मला क्षमा करणार नाही.

भाऊजींना जयभीम. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
भास्कर

ता.क. – मुख्य गोष्ट राहिली. फेब्रुवारीतली पाकिटं उघड आणि दत्तूजी हयात आहेत, वारले की बदलून गेले, एवढंच कार्डावर कळव. पानं पाठवू नकोस. ती भाऊजींनी वर्ध्याहून थेट नागपूरला पोचवायची आहेत. मी गयावया केली तरी पाठवू नकोस.

ता.क. दुसरा, लताचा – ताई, जयभीम. पाकिटं मीच चिकटवते, त्यामुळे मी सगळं वाचलेलं आहे. दत्तूजी मेले नाहीत, त्यांची बदलीही झाली नाही. सत्त्याऐंशीव्या पानावर ते पंधरा दिवसांच्या रजेवर गेले आणि हे त्यांना परत आणायला विसरले. पण तीस तारखेपर्यंत तुम्ही काही कळवू नका. पत्र मिळालंच नाही म्हणा. माहीत नाही म्हणून रोज चार पानं होताहेत. कळलं की हे विचार करत बसतील.