डाव्या बाजूचा अर्धा इंच

मी, विजयमाला छगन म्हेत्रे, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येते), माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या शब्दाचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो, यावरून माझी नजर आणि डोके दोन्ही ठिकाणावर आहे असे समजावे. साखर थोडी वर आहे आणि गुडघे कुरकुरतात, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत.

मसुदा निवृत्त मुख्याध्यापक नृसिंह जोशी सरांनी तपासला. त्यांनी माझी तीन वाक्ये अनावश्यक म्हणून खोडली. त्यातली दोन मी परत लिहिली आहेत.

याला दोन साक्षीदार लागतात. एक जोशी सर. दुसरी माझी धाकटी जाऊ रंगुबाई असावी अशी माझी इच्छा आहे. मात्र कलम पाचमध्ये मी तिच्या बाबतीत केलेली एक गोष्ट लिहिली आहे, जी सात वर्षे तिला सांगितलेली नाही. सरांनाही ते पान दाखवलेले नाही. सह्या होण्याआधी मी ते रंगुबाईला वाचून दाखवणार आहे. ऐकून तिने सही करावी किंवा उठून जावे. हे पान राहू नये असे ती म्हणाली तर मी ते फाडून टाकीन. उठून गेली तर सहीला दुसरे कोणीही मिळेल, पण मग मी सुखाने मरणार नाही.

कलम १. राहते घर आणि माझ्या नावची शेतजमीन माझा मुलगा सुनील याला. तो कर्जतला पाण्याचे मोटारपंप दुरुस्त करतो आणि हाताला यश आहे. सात वर्षांचा असताना त्याने मशीनखाली बोट घालून नखातून सुई आरपार नेली होती. तेव्हा तो बोटासाठी नाही, सुई मोडली म्हणून रडला. असा मुलगा पोटी आला, याचे मला आजही नवल वाटते. अट एकच: पुढची खोली, जिथे मी शिवते, ती रंगुबाईची सून पूजा तिथे शिवत असेल तोवर कोणी भाड्याने देऊ नये आणि तिथे पंप आणून ठेवू नयेत.

कलम २. सोन्याची बोरमाळ सुनीलची बायको निकिता हिला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती चार बायकांत म्हणाली होती, "सासूबाई, तुमचे गळे जरा जुन्या पद्धतीचे असतात." मी त्यावर सहा महिने तिचा ब्लाऊज शिवला नाही. तिचे म्हणणे बरोबर होते, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते. बोरमाळ तिने घालावी, कपाटात ठेवू नये.

कलम ३. शिलाई मशीन, कात्र्या, इस्त्री आणि सगळे साचे रंगुबाईची सून पूजा हिला. माझ्या पाटल्याही तिलाच. खरे तर पाटल्या रंगुबाईला द्यायच्या होत्या, पण सर म्हणाले की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला न राहिलेले बरे. पाटल्या की सही, यावर मी दोन महिने घालवले. मला सही हवी आहे.

मशीनची गोष्ट पूजाला ठाऊक असावी. १९७९ साली बाजारातल्या कापडवाल्याने दिवाळीत सोडत काढली होती. पहिले बक्षीस सायकल, दुसरे शिलाई मशीन. माझ्या मालकांनी, म्हणजे छगनरावांनी, सायकलसाठी चिठ्ठी घेतली होती आणि मशीन लागले. मशीन डोक्यावर घेऊन ते घरी आले तेव्हा चेहरा असा होता, जणू कोणी फसवले आहे. म्हणाले, "घे, तुजं नशीब. माजं पायीच हाय." महिनाभर त्यांनी मशीनकडे पाहिले नाही. पुढे तेच संध्याकाळी शेजारी बसून काजबटणे लावायला लागले आणि गेले त्या आठवड्यापर्यंत लावत होते. त्या चिठ्ठीवर पुढचा-मागचा आकडा असता तर माझे सगळे आयुष्य दुसरेच झाले असते. हे मनात आले की अजूनही पायडलवरचा पाय थांबतो.

कलम ४. माझ्या मापांच्या अकरा वह्या पूजालाच, पण अटीवर. आमच्याकडे रीत अशी की बाई स्वतः माप द्यायला येत नाही. जुना ब्लाऊज पाठवते, त्याला मापाचा ब्लाऊज म्हणतात, आणि त्यावरून नवा बेतायचा. टेप अंगाला लावायला नको, संकोच नको, सगळ्यांचे बरे चालते. मी शक्यतो तसे करत नाही, पूजानेही करू नये. दर दिवाळीला प्रत्येक बाईला समोर उभी करून माप घ्यावे आणि दोन्ही बाजूंचे घ्यावे. खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत, म्हणजे छातीला गोलाई देणारी चुणी जिथे संपते तिथपर्यंत, उजवीकडचे वेगळे लिहावे, डावीकडचे वेगळे.

हे मला माझी आई रतनबाई हिने शिकवले. ती हातशिलाईच्या चोळ्या शिवायची. ती म्हणायची, देवाने कोणाच्याच दोन बाजू सारख्या केलेल्या नाहीत, त्याला कंटाळा येत असेल. मी पाहिले तर खरेच तसे आहे. एवढ्या वर्षांत मी आठशेवर बायका मोजल्या. कोणाचा खांदा पाण्याच्या हंड्याने उतरलेला, कोणाचा दंड खुरप्याने जाड झालेला. बाई तोंडाने जे सांगत नाही ते टेपावर येते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेल्या फक्त सहा निघाल्या. त्यातली एक रंगुबाई. २००४ सालच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिले आहे: उजवी दहा, डावी दहा.

कलम ५. रंगुबाई अजिनाथ म्हेत्रे ही भिंतीला भिंत लावून राहते. २००८ साली सुनीलच्या लग्नात मी भावकीतल्या सगळ्या बायकांना एकेक ब्लाऊज शिवला. ही बाई मांडवात आली ती नगरहून आणलेला रेडीमेड, फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज घालून. मी वरमाय, आणि माझ्या डोळ्यांदेखत! विचारले तर म्हणाली, "तुज्या गळ्यात मला घास गिळंना." त्या दिवसापासून बोलणे बंद झाले ते दहा वर्षे. नगरचे कौतुक मात्र दोन वर्षांत संपले आणि तिचे कापड पुन्हा माझ्याकडे यायला लागले. कापड आणि मापाचा ब्लाऊज कोणाच्या तरी हाती यायचा, पुढे पूजा आल्यावर तिच्या हाती. मी शिवून पाठवायची. बोलणे बंद, शिवण चालू.

२०१८च्या श्रावणात पूजा ब्लाऊज परत घेऊन आली. "मोठ्या आई, डाव्या बाजूला वढतंय म्हनत्यात."

मी ब्लाऊज उलटा केला. डावीकडची चुणी वरच्या अंगाला ओढली गेली होती, उजवीकडची जागेवर होती. आता जे लिहिते ते नीट ऐक, रंगुबाई. मला त्याच वेळी कळले की बिघाड ब्लाऊजमध्ये नाही. कापड असे एका बाजूने ओढले जात नाही, अंग बदलल्याशिवाय. काय बदलले ते मला कळत नव्हते, पण काहीतरी आहे हे माझ्या हाताला कळले. आणि मी काय केले? मनात म्हणाले, हिच्या दारात मी जायची नाही. शिलाई पाव इंच उसवली, सैल केली आणि ब्लाऊज परत पाठवला.

गौरींच्या वेळी तो पुन्हा आला. मी पुन्हा उसवून दिला. तेव्हाही मला कळले होते.

दसऱ्याला तिसऱ्यांदा आला आणि सोबत निरोप होता: "शिवाय येत नसंल तर धंदा बंद करा म्हनावं." माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या शिवणाला नाव! मी टेप गळ्यात घातला, २००४ची वही काखेत मारली आणि दहा वर्षांनी तिचा उंबरा ओलांडला, ते तिला खोटे पाडायला. ती तूर निवडत होती. तूर बाजूला सारून उभी राहिली आणि पदर खाली घेतला. उजवी दहा भरली. डावी साडेनऊ. मी पुन्हा मोजली. साडेनऊ. तिसऱ्यांदाही तेवढीच. राग कुठे गेला ते कळले नाही. मी एवढेच म्हणाले, "रंगे, उद्या नगरला जायचं."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासले. गाठ होती, पण वेळ गेलेली नव्हती. ऑपरेशन झाले, एक बाजू काढावी लागली, औषधे झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कोणाच्या लक्षात आलं?" मी वही पुढे केली. त्यांनी त्या दहा-दहाच्या ओळीवर बोट ठेवले आणि मग मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला. एवढी शिकलेली बाई माझ्या वहीचा फोटो काढत होती. अर्ध्या इंचात एक माणूस मावते, हे तोवर मला ठाऊक नव्हते.

लोक मला म्हणाले, तुम्ही वाचवले. मी ऐकून घेतले. खरे असे आहे की मला नुसता राग आला आणि नशिबाने तो राग वेळेवर आला. त्याआधीचे दोन महिने मी मानापायी वाया घालवले. त्या दोन महिन्यांत गाठ पसरली असती तर आज भिंतीपलीकडे कोणी नसते. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवली. रंगुबाई, मी तुझी माफी मागते.

कलम ६. पोस्टातली माझी शिल्लक अशा ऑपरेशनमधून गेलेल्या बायकांच्या ब्लाऊजसाठी वापरावी. रंगुबाईसाठी मी रिकाम्या बाजूला आतून कापसाची पिशवी शिवली, तर ती हलकी पडून वर सरकायची. मग कापसात मूठभर मोहरी भरली. वजन बरोबर आले आणि ब्लाऊज जागेवर बसला. रंगुबाई आरशात बघून म्हणाली, "आता कुनी फोडनीला मोहरी उसनी मागाय आली तर हितूनच देते." आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आजवर अकरा बायका हा ब्लाऊज घेऊन गेल्या, एक पार सोनईहून आली होती. साचा कपाटात वरच्या खणात आहे. याची शिलाई पूजाने कोणाकडून घेऊ नये.

कलम ७. मला शेवटची नेसवताना माझ्याच हातचा ब्लाऊज घालावा. बाहेरचा घातल्यास मी उठून बसेन. (सरांनी खोडलेल्या वाक्यांपैकी हे एक.)

पुरवणी, त्याच दिवशी, सह्यांपूर्वी. आज सकाळी अकरा वाजता रंगुबाईला या खोलीत बसवून, दार लोटून कलम पाच वाचून दाखवले. जोशी सर बाहेर ओट्यावर चहा घेत होते. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "येवढंच व्हय?"

मी म्हणाले, "अगं, दोन महिने गेले माझ्यामुळं."

"तुज्यामुळं कशानं? मला आखाडातच हाताला लागली हुती. गाठ. न्हाताना."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? ह्यास्नी सांगायची लाज. पूजा तवा नवी नवरी. आन तुजं-माजं बोलनं बंद. म्हनलं पोलकं धाडावं, आक्काच्या डोळ्याला आपसूक कळंल. दोन बारीला तू नुसतं उसवून धाडलंस. लई रडले मी. मग म्हनलं, राग आल्याबिगर ही बाई दारात यायची न्हाई. तिसऱ्या बारीला पोलकं चांगलं बसलं हुतं, आक्का. त्यो निरोप मी मुद्दाम धाडला."

सात वर्षे मी ज्याला नशीब म्हणत आले ते नशीब नव्हते. ही बाई मरणाच्या भीतीने आत बसली होती आणि माझा स्वभाव ओळखून मला बोलावत होती. मला रडू आवरले नाही. दहा वर्षे न बोलता तिने मला एवढे ओळखले होते आणि मी तिचे फक्त माप ओळखत होते.

मी विचारले, हे पान ठेवायचे की फाडायचे. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बायांना कळू दे." मी पेन पुढे केले. तिने ते घेतले नाही. "आदी उबी ऱ्हा," म्हणाली. माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. "तुजं माप कुनी घेतलंय का कदी?"

कोणी घेतले नव्हते. अकरा वह्यांत माझे पान नाही, आणि ते माझ्या कधी लक्षातही आले नव्हते. तिला आकडे नीट वाचता येत नाहीत, म्हणून टेपावर बोट दाबून धरून ती मला दाखवत होती आणि मी वाचत होते. उजवी सव्वादहा. डावी सव्वादहा. तिने डावी पुन्हा मोजली आणि मला पुन्हा वाचायला लावली. सव्वादहाच.

"आता मरायची घाई करू नगंस," ती म्हणाली, आणि दार उघडून तिने सरांना आत बोलावले. मी हे लिहीपर्यंत ती सहीसाठी पेन मागत बसली आहे.

लिहून देणार: विजयमाला छगन म्हेत्रे (सही)

आम्हा दोघांसमोर वरील बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. रंगुबाई अजिनाथ म्हेत्रे (सही)
२. नृसिंह माधव जोशी, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

ठिकाण: मिरजगाव
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार