उरलेली टेप

अल्लीपूर,
दि. ९ मार्च २०२५

प्रिय मेघाताई,
सप्रेम जयभीम. भाऊजींले जयभीम अन् काजलले गोड पापा.

आधी कबूल करतो, हे पत्र लिहायले मी एकवीस दिवस लावले. तू म्हणाली होती, तुह्या सात-सात मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमधी मुद्दा शोधत बसायले मले वेळ नाई, नीट कागदावर लिहून पाठव. म्हणून वही आणली. मंग पेन नव्हता. पेन आणायले गेलो तं चौकात रजत भेटला, म्हणे चाल हिंगणघाटले, जुना अ‍ॅम्प्लिफायर पाहून येऊ. पाहून आलो, बंद होता. परत आलो तं पेन राहूनच गेलता. आता पेनही आहे अन् दुपारभर लाइटही आहे, म्हणजे बहाणा काही उरला नाई.

तू रोज विचारतेस, अल्बम चढला का. मी रोज सांगतो, प्रोसेसिंग सुरू आहे. ताई, काही प्रोसेसिंग नाई. अल्बम माह्याच लॅपटॉपमधी पडून आहे अन् मी त्याच्यापुढे बसून राह्यतो, जशी आपली म्हैस डॉक्टर आल्यावर बसे. उठतच नाई.

अडचण काय आहे ते सांगतो. अल्बम सगळ्या अ‍ॅपवर जावा म्हणून एक फॉर्म भरावा लागते. गायकाचं नाव, भाषा, कव्हरचा फोटो. बाराव्या वर्गात मी दोनदा बसलो, पण असा पेपर पाह्यला नाई. कव्हरवर मोबाइल नंबर आहे म्हणून एकदा परत. फोटो पुसट आहे म्हणून आधी तो चढेचना. आता बाबाचा फोटो सत्त्याण्णवचा, निळा सफारी अन् मांगं रंगवलेले ढग, तो पुसट नसन तं काय असन. तेही निभलं. पण एका रकान्यापुढे लाल चांदणी आहे. ‘गीतकार’. तो रिकामा ठेवला तं पुढचं पान उघडतच नाई. तिथं मी अटकलो.

तू म्हणशीन, अरे वेड्या, शाहीर गुलाब थूल लिही अन् पुढे जा. बाबाच्या स्मृतिदिनाले चौदा दिवस राह्यले, विहारात खुर्च्या सांगून झाल्या, काजलच्या हातानं बटण दाबून प्रकाशन करायचं ठरलं, बॅनर बाबाच्या एकट्याच्या नावानं छापायले दिला. सगळं मले माहीत आहे. तेच नाव मी एकदा लिहिलंही होतं. ते पुढे सांगतो.

मले राग याचा येते का आपल्या या एका अल्बमचं कधीच धड झालं नाई. कॅसेट निघाली तेव्हा मी जन्मलो नव्हतो, तूच सांगायची का हिंगणघाटच्या चहाच्या टपरीवर दिवसभर तीच वाजे, अन् लोकं कोरी कॅसेट घेऊन आपल्या दारात उभे राहत, यात भरून द्या म्हणून. मंग सीडीचा जमाना आला. एका सीडीत एकशे दहा गाणे, अन् आपलं गाणं त्यात त्रेचाळीस नंबरचं. नाव नाई, गाव नाई, फक्त त्रेचाळीस. मंग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळायले लागलं. तिथं तं बाबाचा आवाज असा बारीक झालता का बाबा स्वतःच दुकानदाराले म्हणे, हा कोण गाऊन राह्यला. दर वेळी काही ना काही गळत गेलं. म्हणून मी ठरवलं होतं का या वेळी सगळं पुरं करीन. मूळ टेपवरून घेईन. आयुष्यात एक काम शेवटाले नेईन, जे तू मले नेहमी ऐकवतेस.

अन् शेवटाले गेलो, तिथंच फसलो.

‘माय चालली पायी पायी’ आपल्या कॅसेटवर कुठं संपते, तुले सांगायची गरज नाई. माय छप्पन साली दीक्षेले नागपूरले पायी जाते, पदरी भाकर बांधून. परत येते तं भाकर संपली, पण पदराले गाठ तशीच. पोरगं विचारते, ‘माय, पदरी काय आणलं?’ अन् खट्. संपलं. बाबा कार्यक्रमातही तिथंच थांबायचे अन् लोकं खालून ओरडायचे, पुस्तक, कोणी म्हणे पेन, कोणी म्हणे काही नाई घरी चाल. बाबा सांगायचे, अजून एक कडवं होतं, पण टेप संपली. ते कडवं म्हणून दाखवा म्हटलं का म्हणत, आता आठवत नाई.

तू कॉलेजात त्याच्यावर निबंध लिहिला होता. कवी हा प्रश्न समाजापुढं ठेवून बाजूले होतो, असं काहीतरी. पहिला नंबर आलता. बाबानं तो कागद फ्रेम करून लावला, अजून भिंतीवर आहे. मी आत्ता त्याच्याकडे पाठ करून बसलो आहे.

कॅसेट ज्यांनी भरली ते सदाशिवराव अजून आहेत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामांगं त्यांची ती खोली, भिंतीले गाद्या ठोकलेल्या. आता समोर मोबाइलचे कव्हर विकतात. मूळ टेप त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. मशीनही चालू निघाली. सात गाणे मी डुलत-डुलत ऐकले. आठवं ‘माय’. प्रश्न आला. मी खट् व्हायची वाट पाह्यली. झालं नाई. ढोलकी वाजतच राह्यली अन् बाबा पुढे गायले:

‘कवडू म्हणे, गाठ सोडली, माय हासली जराशी
नाव आणलं बाप्पा माहं, ठेवजो त्याले उशाशी.’

कवडू म्हणे. ताई, शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव येते त्याचं गाणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालेही माहीत असते. कवडू म्हणजे कवडूकाका, बाबाचे ढोलकीवाले, हिंगणघाटच्या मिलमधी होते ते. तुले आठवत असन, उंच, पायात नेहमी एकच तुटकी चप्पल. आपल्या घरी यायचे बंद झाले तेव्हा मी लहान होतो.

गाणं संपल्यावर टेप बंद केली नव्हती. खोलीतलं बोलणं आलं. सदाशिवरावांचा तरणा आवाज, ‘सव्वीस मिनिटं झाली गुलाबभाऊ, चार उरते.’ मंग बाबा, एकदम मायेनं, ‘कवडू, चाय सांगून ये बरं.’ दाराची कडी वाजली. मंग बाबा हळू आवाजात, ‘शेवटचं कडवं कापा.’

‘काऊन? टेप तं उरते.’

‘उरू द्या.’

बस एवढंच. सदाशिवराव माह्यासमोर बसून एक कव्हर फडक्यानं पुसत राह्यले, पुसून झालेलंच. म्हणाले, मी कोण बोलणारा, तुह्या बापाची कॅसेट. अन् कव्हर खाली ठेवून म्हणाले, तीन चाय घेऊन आलता तो. तुह्या बापाले लागे तशी, साखर जास्त टाकून.

आता माहं ऐक. मी घरी आलो अन् मीही कापलं. लॅपटॉपवर शेवटचं कडवं धरलं अन् उडवलं. बाबाले माणूस तरी बाहेर पाठवावा लागला, मले तेही लागलं नाई, एका बोटाचं काम. गीतकार गुलाब थूल लिहिलं अन् पाठवून दिलं. म्हटलं, मेघाताईचा निबंध, विहारातल्या खुर्च्या, मेलेला बाप, कशाले उकरायचं. चार दिवसांनी फॉर्म परत आला. कारण कडवं नाई, गीतकार नाई. कव्हरवरचा तो फोन नंबर. एवढी चोरी केली अन् त्याले नंबर दिसला.

मंग मी आंजीले गेलो. मिल बंद झाल्यावर कवडूकाका तिकडे गेले, मीराकाकूच्या माहेरी. सरळ गेलो असं नाई. वर्ध्याले उतरलो, तर्री-पोहे खाल्ले, एका दुकानात दोन तास गिटार पाहत बसलो, घेणं नव्हतंच. शेवटची नाई पण शेवटून दुसरी गाडी धरली. काका ओसरीत हरभरा पाखडत होते. मले ओळखलं नाई. गुलाबचा पोरगा म्हणलं तं सूप बाजूले ठेवलं अन् मले असं जवळ घेतलं का हरभऱ्याचा भुसा सगळा माह्या तोंडात.

मी ठरवून गेलतो का विचारीन, तुमचं नाव कापलं गेलं, तुम्ही भांडले काऊन नाई. पण मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलायले लागले. ते असं म्हणाले, मी जसंच्या तसं लिहून राह्यलो:

‘गुलाबची काही गलती नाई बाप्पा. माहीच ढोलकी लांबली. सुरुवातीले तुकडा मी एवढा वाजवला का टेप तिथंच खाल्ली. मायचं कडवं माह्याच हातानं गेलं.’

ताई, अठ्ठावीस वर्षं. त्या माणसाले वाटते का त्याच्या ढोलकीनं टेप खाल्ली. त्यांनी बाबाची माफी मागतली होती. बाबा म्हणाले, जाऊ दे कवडू, होते असं. त्यानंतर काकांनी ढोलकी खुंटीले टांगली ते टांगलीच. मी विचारलं, कॅसेटच्या कागदावर तुमचं नाव नव्हतं, त्याचं काही वाटलं नाई का. तं म्हणे, कागद आधी छापून आलता, अन् गाण्यात तं नाव येणारच होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाई.

मले तेव्हा सांगता आलं असतं. सदाशिवरावांनी दिलेली टेप माह्या झोळीत होती, डब्यासकट. मी दोन वाट्या वरण खाल्लं. मीराकाकूनं आग्रह केला म्हणून तिसरी घेतली.

गाडीपर्यंत सोडायले आले काका. नवीन अल्बम येते म्हणून खुश होते. विचारलं, आता टेप केवढ्याची असते. म्हणलं, आता टेपच नसते काका, कितीही वाजवा. ते हसले. त्यांले वाटलं मी मस्करी करून राह्यलो.

अजून एक आठवलं. ते गाणं आपल्या आजीवर आहे असं बाबा सांगायचे. पण आजी तं छप्पनले रेल्वेनं गेलती. तिनंच सांगतलं होतं, डब्यात उभं राहायले जागा नव्हती अन् तिचं एक जोडवं हरपलं. तिनं सांगतलं तेव्हा तूही होती, मी तिच्या मांडीवर. आपण दोघंही हे लहानपणापासून जाणत होतो अन् दोघांनीही कधी जोडून पाह्यलं नाई. कवडूकाका जेवताना बोलले, पायी गेली ती त्यांची माय, जिजाबाई, हिंगणघाटवरून. तीन वर्षांचं पोर घरी ठेवून.

बाबावर मले इतका राग आहे का त्यांच्या फोटोले मी हार बदलला नाई. अन् तरी रात्री नाई, दिवसाच, कामात असताना तेच गुणगुणतो, त्यांच्याच आवाजाच्या वळणानं. बाकीचे सात गाणे बाबाचे स्वतःचे होते. ते कोणीच मागितले नाई कधी. प्रत्येक स्टेजवर खालून एकच फर्माइश, अन् बाबा ते गात अन् प्रश्नावर थांबत. हे मी त्यांची बाजू घेऊन लिहून राह्यलो का नाई, माह्या ध्यानात येत नाई. तू शिकलेली आहेस, तू पाह्यजो.

मले तुले हेच विचारायचं होतं का रकान्यात काय लिहू. अन् तुले विचारून मले काय पाह्यजे होतं, तेही सांगतो. तू ‘बाबाचंच लिही’ म्हणावं अन् माहं ओझं तुह्याकडे जावं. म्हणून एकवीस दिवस

थांब, दारात कोणीतरी आलं. रजत असन. पाहून येतो.

ताई, कवडूकाका आहेत.

आंजीवरून तीन गाड्या बदलून आले. खांद्याले ढोलकी, चामड्याले नवीन शाई चढवलेली. मीराकाकूले न सांगता निघाले म्हणे. आत यायच्या आधी उंबऱ्यातच उभं राहून बोलले, ‘या वेळी तुकडा आखूड वाजवतो पोरा. टेप पुरन.’

म्हणलं, काका, लांब वाजवा. जेवढं येते तेवढं लांब वाजवा.

आत्ता माह्यासमोर खाटेवर बसले आहेत, ढोलकीच्या दोऱ्या ताणून राह्यले. बिस्किटाचा डबा टेबलावर उघडाच होता. यात काय आहे म्हणून विचारून राह्यले. म्हणलं, सांगतो, सगळं ऐकवतो, पण बसा, आधी चाय सांगून येतो.

बॅनर थांबवजो.

चाय सांगायले मीच चाललो.

तुहा,
पियुष